सावुटीचा संडास

आपल्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या निदान चार घरांनी गेल्या काही वर्षांत 'आफ्रिका केली'. टूर कंपनीबरोबर मसाईमारा वगैरे नव्हे, ते आता जुनं झालं. नवी तऱ्हा म्हणजे आपली आपण गाडी चालवत जायचं. माऊनला नाहीतर विंडहूकला विमानातून उतरायचं, टपावर तंबू बसवलेली फोर बाय फोर भाड्यानं घ्यायची, मागे फ्रिज, पाण्याची टाकी, डिझेलचे कॅन, गॅसची शेगडी, आणि दहा-पंधरा दिवस बोत्सवाना किंवा नामिबियाच्या रानात मुक्काम करत हिंडायचं. परत आलं की लिहायचं. सगळ्यांच्या लिखाणात एक वाक्य हमखास सापडतं: "आमच्यात आणि सिंहात मध्ये कुंपणसुद्धा नव्हतं!" पुढे उद्गारचिन्ह. कधी तीन.

मंडळी, मला या वाक्याशी भांडायचंय.

आधीच सांगतो, ही कोल्ह्याची आंबट द्राक्षं नाहीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुतणी आणि जावईबापूंच्या गाडीत मागच्या सीटवर बसून मी माऊन, मोरेमी, सावुटी, कसाने असा प्रवास करून आलोय. गाडी चालवायला मला कुणी दिली नाही. (तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंगही आपल्याच बाजूला, पण साठी उलटलेल्या काकांवर कोण विश्वास ठेवतो!) माझी कामं दोन. नकाशा धरायचा आणि वाळू आली की खाली उतरून टायरमधली हवा कमी करायची. तीही चारी दिशांना नीट बघून, मगच. मजा आली. खोटं कशाला बोलू? रात्री तंबूत पडल्यावर खाली हत्तीनं झाडाची फांदी मोडल्याचा आवाज येतो, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो शेवगावच्या घरात उभ्या जन्मात आला नव्हता.

पण 'कुंपण नव्हतं' हे खरं नाही. कुंपण होतं. तारेचं नव्हतं एवढंच.

त्या पंधरा दिवसांत आम्ही जेवढे नियम पाळले तेवढे मी शाळेतही पाळले नव्हते. पार्कात ताशी ४० च्या वर जायचं नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं, रात्री गाडी चालवायची नाही. मुक्कामाची जागा आधी राखून ठेवलेली हवी, वाटलं तिथे तंबू ठोकता येत नाही. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. झोपताना तंबूची चेन पूर्ण लावायची. अन्न, कचरा, भांडी काही बाहेर ठेवायचं नाही. चपला-बूटसुद्धा नाहीत, तरस उचलून नेतं. (तिथलं तरस ठिपक्यांचं आणि आपल्या माळावरच्या तरसापेक्षा चांगलंच थोराड.) लहान मूल हाताच्या अंतरावर ठेवायचं. झिंबाब्वेत मानापूल्सला तर संत्री-मोसंबी आणूच नका म्हणतात, कारण हत्तीला वास लागला की तो गाडीचं दार उघडत बसत नाही.

आणि सावुटीचा संडास. तो बघाच. सावुटीचा ओढा १९८२ च्या सुमारास आटला, तो पुढे पंचवीसेक वर्षं कोरडाच होता. तहानलेल्या हत्तींनी कँपातले नळ आणि पाइप उखडून टाकले. मग नवा कँप बांधताना न्हाणीघर आणि संडास यांच्याभोवती किल्ल्याच्या तटासारखी भिंत उभी केली. हत्ती बाहेर, माणूस आत. आमच्या तंबूपासून तो फार लांब नव्हता, पण अंधार पडल्यावर पुतणीच्या सहा वर्षांच्या मुलाला तिथवर आम्ही गाडीतून नेत होतो. गाडी दाराशी लावायची, बॅटरी फिरवून बघायचं, मग पोराला उतरवायचं. सगळे असंच करत होते. कुणाला त्यात कमीपणा वाटत नव्हता.

म्हणजे सिंहाच्या राज्यात जाऊन माणसानं पहिलं कुंपण कशाला घातलं, तर संडासाला. मला हे त्या सगळ्या सहलीतलं सगळ्यात शहाणपणाचं बांधकाम वाटलं. फोटो मात्र आमच्यापैकी कुणीच काढला नाही.

आता दुसरं हमखास वाक्य. "आपल्याकडे असं काहीच नाही हो." म्हणजे ताडोब्याला स्वतःची गाडी आत नेऊ देत नाहीत, जिप्सी आणि गाइड घ्यावाच लागतो, तीन-चार तासांत बाहेर, गाभ्यात रात्रीचा मुक्काम नाही, वगैरे. ही तक्रार मी समजू शकतो. (क्रूगरला १९२७ पासून लोक आपापल्या गाड्या घेऊन जाताहेत, आणि पार्क अजून शाबूत आहे.) पण 'कुंपण नसलेला कँप' आपल्याकडे नाही म्हणणाऱ्यानं शेवगावच्या कुठल्याही फाट्यावर दसरा-दिवाळीच्या दिवसांत तासभर उभं राहावं. कँप ट्रक भरून चाललेला दिसेल.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या तालुक्याचा उत्तरेकडचा गोदाकाठ उसाचा. नाथसागराचं पाणी, मुळेच्या कालव्याचं पाणी. पाथर्डी आणि गेवराईकडे सरकावं तसा मुलूख कोरडा होत जातो. त्या कोरड्या भागातून, आणि शेजारच्या पाथर्डी तालुक्यातून, बीड जिल्ह्यातून तर अमापच, माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडत राहायचं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात, कुणी आपल्याच जिल्ह्यात संगमनेर-राहुरीकडे. मुक्काम कोपीत. बांबूच्या कामट्या वाकवायच्या, वर चटई नाहीतर प्लॅस्टिकचा कागद टाकायचा, बांधायचं. दाराला जुनी साडी. चेन नाही. शेजारी बैल, दावणीला वासरू, चुलीपाशी कुत्रं. आणि चार पावलांवर ऊस.

उसात काय असतं ते आता लहान पोरालाही माहीत आहे. आपल्याच जिल्ह्यात अकोल्याच्या शेतीपट्ट्यात विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून जो अभ्यास केला, तो २०१३ मध्ये छापून आला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा भागात शंभर चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे निघाले. जंगल नाही, अभयारण्य नाही, ऊस आणि मका. 'आजोबा' सिनेमा पाहिला असेल तुम्ही, २०१४ चा. त्यातला बिबट्या खरा होता. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला, २००९ मध्ये माळशेजला पट्टा लावून सोडलेला, तो चालत चालत सव्वाशे किलोमीटरवर मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला. वाटेत कुणाला ओरखडासुद्धा नाही. दोन वर्षांनी हायवेवर गाडीखाली मेला. तेव्हा बिबट्या म्हणजे राक्षस असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो बिचारा कुत्र्यांवर जगतो. अकोल्यातल्याच अभ्यासात त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. आणि कुत्री कुठे गोळा होतात? जिथे उष्टं-खरकटं उघड्यावर पडतं तिथे. म्हणजे कोपीपाशी. सावुटीत अन्न बाहेर ठेवू नका म्हणतात त्याचं कारण हेच.

आता दोन्ही कँप शेजारी शेजारी ठेवून बघा. आम्ही अंधारात गाडी चालवत नव्हतो. टोळी पहाटे अंधारात फडात शिरते, आणि भरणीची गाडी रात्री बाराला आली तरी उठून मोळ्या वाहते. आम्ही सहा वर्षांच्या पोराला संडासापर्यंत गाडीतून नेलं. कोपीतली सहा वर्षांची पोरगी दिवसभर तान्ह्या भावाला सांभाळत एकटी असते, कारण आई-बाप फडात. आणि संडास? पहाटे उजाडायच्या आत बाया डबा घेऊन उसाच्या कडेला जातात. उजाडल्यावर जाता येत नाही, माणसांची वर्दळ असते. म्हणजे बिबट्याच्या फिरतीची जी वेळ, नेमकी तीच. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, शेळी-वासराएवढं जनावर वाटतं, असं वनखात्याची माणसं गावोगाव सांगत असतात. सांगतात ते बरोबर आहे. पण बसू नका म्हणून कसं चालेल?

तोडणीत बछडे सापडतात, तो प्रकार तर दर हंगामाचा. पेपरात गोंडस फोटो येतो. वनखातं पिल्लं क्रेटमध्ये घालून तिथेच ठेवतं, रात्री मादी येते आणि तोंडात धरून घेऊन जाते. फार चांगलं काम आहे ते, करणाऱ्यांना नमस्कार. पण मादी रात्री येणार हे ज्याअर्थी सगळ्यांना ठाऊक आहे, त्याअर्थी त्या रात्री शेजारच्या पंधरा-वीस कोप्यांत कोण झोपलंय याचीही काही व्यवस्था असायला हवी की नको?

२०२० च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पाथर्डी, आष्टी, करमाळा या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. लहान मुलं गेली. करमाळ्यात मेलेल्यांत ऊसतोड कामगाराची मुलगी होती. शेवटी डिसेंबरात एक बिबट्या गोळी घालून मारला, आणि विषय संपला. २०२५ मध्ये शिरूरच्या पिंपरखेडला पुन्हा तेच. लोक पुणे-नाशिक रस्त्यावर बसले. गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात निघालेल्या बायकांचे फोटो देशभर फिरले. विधिमंडळापर्यंत उपाय काय पोचला, तर जंगलात शेळ्या सोडा! ज्या बिबट्यांना जंगल माहीतच नाही, उसात जन्मून उसातच म्हातारे होतात, त्यांच्यासाठी जंगलात शेळ्या. काय बोलणार.

असो. माझा राग शेळ्यांवर नाही. आपल्यावर आहे. आपण म्हणजे लिहिणारे, वाचणारे, कँपिंगची आवड असणारे, वाघ-सिंहाचं वेड असणारे. कुंपणाशिवाय झोपायचं तर काय काय लागतं याचं शास्त्र आपल्याला तोंडपाठ आहे. आपण त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजतो. तंबूला चेन हवी, उजेड हवा, कचरा बंद डब्यात हवा, संडासाला भिंत हवी, मूल एकटं नको, अंधारात हालचाल नको. यातली एकही गोष्ट जागेवर नसती तर आपण तिथल्या व्यवस्थापनाला झोडपून काढलं असतं, पैसे परत मागितले असते. आणि त्याच जनावराच्या शेजारी आपल्याच तालुक्यातली माणसं पाच-पाच महिने झोपतात, तेव्हा आपण म्हणतो, "त्यांना सवय असते."

हे वाक्य मी या घरात ऐकलंय, आफ्रिकेचे फोटो बघताना. सवय कसली? तिथे हत्तीच्या वाटेवर झोपणारा मी एकवीस नियमांचा कागद सही करून खिशात ठेवतो, तेव्हा मी 'जबाबदार पर्यटक'. इथे बाई अंधारात डबा घेऊन निघते, तेव्हा तिला 'सवय'.

पैशाचं म्हणाल तर तेही बघू. पर्यटक पैसे मोजतो म्हणून त्याला सोयी मिळतात, मजूर कुठून देणार, असं एका हुशार नातेवाइकाचं म्हणणं पडलं. बरं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंड्यांच्या नावानं महामंडळ आहे. गाळलेल्या उसावर कारखान्यांनी टनाला दहा रुपये त्याला द्यायचे आणि सरकारनं तेवढेच घालायचे, असं ठरलेलं आहे. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांहून जास्त ऊस गाळला गेला. दहा कोटी गुणिले दहा, एवढा गुणाकार मलाही येतो. शंभर कोटी, आणि सरकारचे तेवढेच. सावुटीला एवढा धंदा उभ्या वर्षात होत असेल असं मला नाही वाटत. तेव्हा कोपीतला माणूस फुकटा नाही. त्याच्या कोयत्याखालून गेलेल्या प्रत्येक टनानं संडासाचे पैसे दिलेले आहेत. २०२४ च्या जानेवारीत पवार आणि पंकजाताईंच्या लवादात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, मथळे आले, चांगलंच झालं. पण दर वाढला म्हणून उसाच्या कडेला उजेड पडत नाही.

आणि हे जमण्यासारखं नाही असंही नाही. जुन्नरच्या वनविभागानं उघड्यावर वाडे करणाऱ्या मेंढपाळांना तंबू आणि सौरदिवे दिले. साधी गोष्ट. झोपायला बंद होणारं दार आणि रात्री उजेड. उसाचा तळ तर मेंढवाड्यापेक्षा सोपा, तो रोज हलत नाही. कोप्या कुठे पडणार हे कारखान्याच्या शेतकी विभागाला ऊस लावतानाच माहीत असतं. कोणता गट, कोणती टोळी, कोणता मुकादम, सगळं वहीत असतं. तिथे पत्र्याचे चार संडास, चारी बाजूंनी जाळी, दोन सौरदिवे, खरकटं टाकायला झाकणाचा पिंप, पोरांना बसायला एक बंद खोली. तोडणी उजाडल्यावर सुरू. बिबट्याचा हल्ला होऊन माणूस गेला की सरकार पंचवीस लाख देतं. तेवढ्यात असे किती तळ उभे राहतील ते ज्याला बांधकामातलं कळतं त्यानं सांगावं. आमच्या घरात दोन इंजिनिअर आहेत, दोघेही आफ्रिकेला जाऊन आलेत.

रात्रीच्या लाइटीचंही हेच. शेतीपंपाला अजून कित्येक फीडरवर आठवड्यातले काही दिवस वीज रात्रीच येते. दारं धरायला माणूस मध्यरात्री उसात जातो, खांद्यावर फावडं आणि हातात मोबाइलचा उजेड. बोत्सवानात कुणी मला रात्री बारा वाजता गवतात पायी जायला सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं.

जाता जाता त्या 'अस्पर्श भूमी'बद्दलही बोलून घेतो, कारण हाही शब्द सगळ्यांच्या लिखाणात असतो. मध्य कलहारीचं राखीव रान १९६१ मध्ये केलं तेव्हा तिथे सान लोक राहत होते, पिढ्यानपिढ्या. १९९७ आणि २००२ मध्ये सरकारनं त्यांना बाहेर काढलं. ते कोर्टात गेले, २००६ मध्ये जिंकले, मग विहिरीच्या पाण्यासाठी पुन्हा भांडले आणि २०११ मध्ये तेही जिंकले. क्रूगरच्या उत्तर टोकाला माकुलेके लोकांना १९६९ मध्ये असंच हलवलं होतं, त्यांना जमीन परत मिळायला १९९८ उजाडलं. तेव्हा रस्त्यात दोनशे किलोमीटर माणूस दिसत नाही ही निसर्गाचीच किमया नाही. शेवगाव-पैठणच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपली गावं जायकवाडीत गेली आणि १९८६ मध्ये त्याच पाण्याचं पक्षी अभयारण्य झालं. रोहित बघायला आपण जातो तेव्हा खाली कुणाची चावडी आहे ते जुन्या माणसांना विचारावं लागतं.

मला कुणाची सहल नासवायची नाही. पुतणी २०२६ च्या जुलैत पुन्हा जायचं म्हणते आहे, या वेळी नामिबिया, आणि काका येणार का म्हणून विचारलंय. जाईनही. पण 'कुंपण नव्हतं' असं लिहाल तर मी वाद घालणार, हे सगळ्यांनी धरून चाला.

एक शेवटचं म्हणणं खोडून काढायचं राहिलं. "कोप्या तात्पुरत्या असतात हो, हंगाम संपला की उठतात, पक्कं बांधून काय करायचं?" आम्ही सावुटीत दोन रात्री होतो. आमच्या शेजारचे जर्मन एकच रात्र. तिथे आठवडाभर राहणारा मला कुणी भेटला नाही, तरी संडासाची भिंत पक्की आहे. कोप्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतात आणि मार्च-एप्रिलला उठतात. पुढच्या दसऱ्याला पुन्हा त्याच पडीक रानात, त्याच विहिरीच्या कडेला.